तायकिळा की कासविंदा? खुडण्याआधी असं ओळखा

जूनचा पाऊस नीट लागला की गोव्यात रस्त्याच्या कडेला तायकिळ्याची रानभाजी तरारते. घाटावरचा टाकळा तो हाच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून वाटा आणणाऱ्याला फारशी चिंता नाही; जपायचं ते स्वतः खुडणाऱ्यानं. कारण त्याचा भाऊबंद कासविंदा तिथेच उगवतो आणि काही ठिकाणी त्याला चक्क रानटाकळा म्हणतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५३ मध्ये दोघांना ‘कॅसिया’ या एकाच नावाखाली बसवलं होतं.

आधी पुरतं उघडलेलं पान घ्या. तायकिळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, ३ जोड्या, टोकाची जोडी सगळ्यात मोठी, पर्णिकांची टोकं गोलसर. कासविंद्याला साधारण ४ ते ६ जोड्या आणि टोकं निमुळती, अणकुचीदार. रोप लहान असेल तर मोजणीवर जाऊ नका, टोकं बघा.

मग देठ उजेडात धरा. माझ्या मते खरी खूण इथे आहे. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला लागून, एक फुगीर ग्रंथी असते, मोहरीच्या दाण्यासारखी. तायकिळ्याच्या देठाचं बूड साफ. त्याच्या बारीक ग्रंथी वर, खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये उभ्या असतात. डोळ्यांना दिसलं नाही तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा.

वासावर विसंबू नका, चुरडल्यावर दोघंही उग्र येतात. फुलं दोघांची पिवळी. आणि दिवेलागणीला जाऊ नका, दोघंही पानं मिटून घेतात.

शेंगा धरल्यावर मात्र घोळ उरत नाही. तायकिळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी, मध्ये तपकिरी, कडा फिकट. या चपट्या शेंगा मुलांच्या हाती लागू देऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात थंडीच्या तोंडावर मुलं दगावत होती. त्या आजाराचा संबंध डॉक्टरांनी कासविंद्याच्या बियांशी जोडला.

घरी आल्यावर जुडी सोडून पुन्हा एकदा काडी-काडी बघा. पहिल्या वर्षी मी मोठ्या दिमाखात आणलेल्या जुडीतून सासूबाईंनी चष्मा न लावता दोन काड्या बाजूला काढल्या. “हें आमचें न्हय,” एवढंच म्हणाल्या आणि आठळ्या सोलायला बसल्या.