बाथरूममधील कपाटाची दारे: ओल सोसणारा बोर्ड कसा निवडावा

बाथरूममधील जुन्या कपाटाच्या दाराची खालची कड बोटाने चाचपून पाहिली, तर ते दार कशामुळे खराब झाले हे बहुधा तिथेच कळते. समोरचे लॅमिनेट धडधाकट असते, पण खालची कड फुगून खडबडीत झालेली असते आणि तिच्यावरची पट्टी सुटून लोंबत असते. मी घरी केलेल्या पहिल्या दाराची हीच गत झाली. खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून मी ती उघडीच ठेवली होती आणि बोर्ड ओलावारोधक असूनही वर्षभरात दार चौकटीला घासू लागले.

म्हणून बोर्ड निवडण्याआधी दारापर्यंत पाणी कोणत्या रूपात पोहोचणार आहे, हे ठरवावे. आरशामागच्या उंच कपाटाला केवळ वाफ लागते; बेसिनखालच्या दारावर शिंतोडे उडतात, ओल्या हातांचे पाणी मुठीवरून ओघळते आणि खालच्या कडेला थेंब बराच वेळ लटकून राहतो; शॉवरलगतच्या दारावर तर रोज सरळ पाणी पडते. ‘ओलावारोधक’ हा शब्द यांपैकी पहिल्या जागेपुरताच निर्धास्तपणे खरा मानावा, कारण त्याचा अर्थ बोर्ड ओल कमी आणि उशिरा शोषतो एवढाच आहे.

एमडीएफ हा लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्यात) मिसळून, दाबून केलेला बोर्ड असतो. त्याचे दोन्ही पृष्ठभाग दाट आणि मधला गाभा त्या मानाने सैल असल्यामुळे पाणी पृष्ठभागापेक्षा कडांतून भराभर आत शिरते, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. ओलावारोधक प्रकारात अधिक टिकाऊ रेझिन वापरलेले असते. त्याचा हिरवा रंग केवळ ओळखीसाठी असतो; रंगाने पाणी अडत नाही. दारावर नक्षी कोरून रंग द्यायचा असेल, तर याच्याइतका गुळगुळीत पर्याय नाही, पण तो बेसिनच्या वरच्या कपाटांसाठीच ठेवावा.

बेसिनखालच्या दारांसाठी माझी पहिली पसंती बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्रतीच्या १८ मिलिमीटर प्लायवुडला आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: ही प्रत मुख्यतः थर जोडणाऱ्या रेझिनची असते. उकळत्या पाण्यातही सांधा सुटू नये अशी तिची अपेक्षा असते, परंतु मधले लाकूड पाणी पितेच आणि सतत ओले राहिले तर त्याला बुरशीही लागते. त्यामुळे शिक्क्यावर न थांबता कापलेली कड नीट पाहावी. थरांमध्ये फटी दिसत असतील किंवा बोर्डावर नाण्याने ठोकत गेल्यावर एखाद्या जागी पोकळ आवाज येत असेल, तर तो बोर्ड घेऊ नये, कारण बिजागरीचा स्क्रू नेमका त्या पोकळीत जाऊ शकतो.

शंका असल्यास घरीच चाचणी घ्यावी. बोर्डाचा सुमारे ५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापून व्हर्नियर कॅलिपरने त्याची जाडी मोजावी, तो २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुसून पुन्हा मोजावा. जाडी १८ वरून १८.९ मिलिमीटर झाली, तर बोर्ड ५ टक्के फुगला. मग तो पूर्ण वाळू देऊन तिसऱ्यांदा मोजावा. हा तिसरा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण बोर्ड कायमचा किती बिघडला हे त्यातून दिसते.

शॉवरलगतच्या जागेला पीव्हीसी फोम बोर्ड किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा बोर्ड) घ्यावा. पीव्हीसी पाण्याने फुगत नाही, मात्र त्यात स्क्रूची पकड कमजोर असते, उंच दार वाकते आणि उष्णतेने बोर्ड मऊ पडतो. दार लहान ठेवावे आणि बिजागरीचे स्क्रू वारंवार काढू-घालू नयेत. त्यावर लॅमिनेट चिकटवताना पाण्यात मिसळलेला पांढरा डिंक चालत नाही, कारण दोन्ही बाजूंपैकी एकही पाणी शोषत नसल्याने तो आत वाळतच नाही. तिथे रबरयुक्त चिकटद्रव्य लागते. कॉम्पॅक्ट लॅमिनेट (लॅमिनेटचाच जाड, एकसंध बोर्ड) पाण्याच्या दृष्टीने उत्तम आहे, पण ते जड असते आणि घरगुती अवजारांची धार लवकर घालवते.

बोर्ड लाकडी असेल तर लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावावे. एकाच बाजूला लावले, तर उघडी बाजू हवेतील ओल घेते, दुसरी घेत नाही आणि दार वाकते. चारही कडांना पट्टी लावण्यापूर्वी पॉलियुरेथेन सीलरचे (पाणी अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्यावेत आणि खालच्या कडेला तिसरा द्यावा.

सर्वांत हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे ऑटो हिंजसाठी (दारात रुतवून बसवायच्या, आपोआप मिटणाऱ्या बिजागरीसाठी) पाडलेले ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक. त्याची खोली सुमारे १२ मिलिमीटर असते, म्हणजे १८ मिलिमीटरच्या दाराचा गाभा तिथे अक्षरशः उघडा पडतो. बिजागरी बसवण्याआधी भोकाच्या तळाला, भिंतीला आणि स्क्रूच्या छिद्रांना कुंचल्याने सीलर लावून ते रात्रभर वाळू द्यावे आणि मगच दार टांगावे.