जुनी मोटार चालती ठेवताना: कामांचा क्रम आणि खर्चाचा हिशेब

आमच्या घरी २००३ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी कोरी घेतली होती, आणि आजही ती पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूणजवळच्या आमच्या गावी वर्षातून चार-पाच फेऱ्या करते. या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे बहुतेक सुटे भाग अजून सहज मिळतात आणि ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरचे इंजिन खोलून बसवू शकणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. गेली कित्येक वर्षे मी तिच्यावरचा प्रत्येक खर्च एका वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहीत आलो आहे. ती वही चाळली की लक्षात येते की सर्वांत जास्त पैसा वाया गेला तो चुकीच्या क्रमाने केलेल्या कामांवर. म्हणून येथे मुख्यतः क्रमाविषयी लिहीत आहे. उदाहरणे मारुती ८०० ची असली, तरी सँट्रो, झेन, इंडिका किंवा जुनी वॅगन-आर बाळगणाऱ्यांनाही ती लागू पडावीत.

पहिले काम वही घालण्याचे. बदललेला भाग, त्याची कंपनी, किंमत, मजुरी आणि त्या दिवशीचे किलोमीटर एवढ्या पाच नोंदी पुरतात. जुनी मोटार अनेक हातांखालून गेलेली असते आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडणारा-मिटणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला याचे उत्तर कोणाच्याही आठवणीत नसते. हे उत्तर मिळत नसेल, तर बेल्ट जुनाच आहे असे धरून चालावे आणि तो बदलून घ्यावा. हा बेल्ट रबराचा असतो. मोटार कमी चालली तरी वयाने तो कडक होतो व त्याला भेगा पडतात. तो तुटला की मोटार जागच्या जागी बंद पडते आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, मोठे काम निघते.

आधी थांबणे, मग चालणे

हातात थोडाच पैसा असेल, तर तो ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगवर खर्च करावा, आणि या तिन्ही बाबतींत घासाघीस करू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे लागते. वरून थोडे भर घातल्याने काम भागत नाही. ओलावा शिरलेल्या ऑइलचा उकळबिंदू खाली येतो, घाट उतरताना ब्रेक सतत दाबल्यामुळे ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल एकाएकी पोकळ लागू लागते. चारचाकीने कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाने पावसाळ्याआधी हे काम करून घ्यावे. त्याच वेळी मागच्या चाकांचे ड्रम काढायला सांगून आतील व्हील सिलिंडरचे रबरी बूट बोटाने उचलून पाहावेत. आत ओल दिसली, तर सिलिंडर गळतो आहे असे समजावे. पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी ब्रेक पाइप वाकवून पाहिले की त्यांच्यावरच्या बारीक भेगा उघड होतात.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून तो चांगला असेलच असे नाही. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ते २३१९ असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कमी चालणाऱ्या मोटारीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, त्यामुळे सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी त्यांच्यावर लांबचा प्रवास करू नये. स्टेपनीवरचे आकडेही वाचावेत, कारण ती बदलायची म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही.

मोटार गरम होणे

या भागावर मी सविस्तर लिहितो, कारण बहुसंख्य जुनी इंजिने येथेच संपतात. मारुती ८०० च्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. इंजिन एकदा जरी भलतेच तापले, तरी हेड वाकते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट जाते आणि मग काही हजारांचे काम समोर उभे राहते. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूस दूध घातलेल्या कॉफीसारखा साका दिसणे किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ही गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत.

काही वर्षांपूर्वी आमची मोटार वाहतुकीत अडकली की तापू लागली. एका गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला, महिन्याभराने रेडिएटर नवा घातला, त्यानंतर वॉटर पंप बदलला, आणि शेवटी हेड उघडायला सांगितले. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर राहत होता, तो चढायचा फक्त गर्दीत. याचा अर्थ वाऱ्याच्या झोताने रेडिएटर थंड होत होता आणि पंखा आपले काम करत नव्हता. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी पंख्याची जोडणी सोडवली, बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या आणि पंखा लगेच फिरला, म्हणजे दोष पंख्यात नसून वायरींत होता. मग त्यांनी बॅटरीच्या तळाशी असलेली अर्थिंगची वायर ओढून दाखवली. तिच्या टोकाचा तांब्याचा लग (वायर पत्र्याला जोडणारी चकती) हिरव्या बुरशीने खाल्लेला होता आणि बोट लावताच तुटून त्यांच्या तळहातावर पडला. नवा लग, घासलेला पत्रा आणि वर ग्रीसचा हात, एवढ्यावर काम झाले. तोवर मी चुकीच्या भागांवर साडेसात हजार रुपये घालवले होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण योग्य प्रश्न मीही विचारला नव्हता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तो सर्वांना सांगतो: दोष केव्हा दिसतो हे आधी लिहून काढावे. थंड इंजिनावर की तापल्यावर, गर्दीत की मोकळ्या रस्त्यावर, चढावर की उतारावर, वळताना की सरळ जाताना. हा कागद मिस्त्रीच्या हातात द्यावा आणि कारण सापडल्याशिवाय भाग बदलू नये, असे स्पष्ट सांगावे. तपासणीची वेगळी मजुरी मागितली, तर ती आनंदाने द्यावी.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. त्यातील क्षार नळ्यांत बसतात. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून भरावे. वाटेत काटा वर गेलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता आत येते आणि सुरक्षित जागी पोहोचण्यापुरता वेळ मिळतो. थांबल्यावर गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये व तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये.

एकदा उतरवले की सगळे करून घ्यावे

जुन्या मोटारीत कित्येकदा भागापेक्षा मजुरीच जास्त पडते, कारण शंभर रुपयांच्या सीलपर्यंत पोहोचण्यासाठी अर्धी मोटार सोडवावी लागते. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला असेल, तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलावे. सील तेवढे राहून गेले आणि पुढच्या वर्षी त्यातून ऑइल गळून नवी क्लच प्लेट भिजली, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. टायमिंग बेल्ट काढला असता टेन्शनर आणि पुढची सीलेही बदलावीत. ॲक्सलचा रबरी बूट फाटलेला दिसताच बदलून ग्रीस भरावे. तसे केले नाही, तर आत माती जाते आणि वळताना कटकट वाजू लागल्यावर पूर्ण जॉइंटच घ्यावा लागतो.

इंजिन धूर टाकते म्हणून लगेच ओव्हरहॉलिंगला, म्हणजे पूर्ण इंजिन खोलून दुरुस्त करण्याला, होकार देऊ नये. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर निळा धूर आला, तर बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सीले गेलेली असतात, आणि ते तुलनेने लहान काम आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टन रिंगांचा संशय घ्यावा. खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासून घ्यावे. ज्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरते त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर दोष रिंगांत असतो. आकडा तसाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये असतो.

भाग विकत घेताना जुना भाग सोबत न्यावा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात किंवा कोल्हापुरात उद्यमनगरात हिंडल्यास एकाच भागाचे तीन-चार भाव कळतात. ब्रेक, बेल्ट, क्लच आणि स्टिअरिंगचे भाग कंपनीचेच घ्यावेत. बंपर, आरसे, दिव्यांच्या काचा स्थानिक घेतल्या तरी चालतात, आणि दरवाजा, काच किंवा वायपरची मोटर जुन्या बाजारातून घेण्यात काहीच गैर नाही. बदललेला जुना भाग गॅरेजमधून नेहमी परत मागून घ्यावा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या मोटारींचे रबरी इंधन पाइप, डायफ्रॅम व सीले त्याचा विचार करून बनवलेली नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप दर वर्षी दाबून पाहावेत; ते मऊ, फुगलेले किंवा चिरलेले असतील, तर इंधनासाठीच बनवलेला पाइप घालावा. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येणे ही आगीची सूचना समजून त्याच दिवशी काम करावे.

पत्रा

इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सांगाडा सडला की मोटार संपली. कोकणात आणि मुंबईत खारी हवा, पाऊस आणि चिखल मिळून हे काम झपाट्याने करतात. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रे असतात. ती पाने आणि मातीने बुजली की पाणी आतच साठते आणि पत्रा आतून गंजतो. दर मे महिन्यात ती काडीने मोकळी करावीत, पायाखालची मॅटिंग उचलून उन्हात वाळवावी आणि बॅटरीचा ट्रे काढून धुवावा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दरवाजाखालच्या पट्टीवर, जॅक लावण्याच्या जागी आणि चाकांच्या कमानींत हलके ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बदबद वाजतो. अंडरबॉडी कोटिंग करण्याआधी गंज खरवडून प्रायमर लावला आहे हे स्वतः पाहावे. गंजावर थापलेले डांबरी कोटिंग ओल आत कोंडते आणि वरून सर्व ठीक दिसत राहते. रंगकाम मात्र सर्वांत शेवटी ठेवावे.

पावसाळ्यात मोटार अनेक दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि आठवड्यातून एकदा तरी मोटार दहा किलोमीटर फिरवून आणावी.

वर्षाचा हिशेब

अचानक येणारे वाटणारे बहुतेक खर्च आधीच ठाऊक असतात. प्रत्येकी ३,००० रुपयांचे चार टायर सहा वर्षे चालले, तर वर्षाला २,००० पडतात. ४,००० ची बॅटरी चार वर्षे टिकली, तर वर्षाला १,००० पडतात. १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे २,४७१ रुपये होतो. पीयूसी बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) आणि त्याआधीच्या मोटारींना दर सहा महिन्यांनी काढावे लागते. नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करून आरटीओत मोटार तपासणीस न्यावी लागते. केंद्राने २०२२ पासून हे शुल्क ५,००० रुपये केले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० केले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर असतो. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला दंड बसतो. या सर्वांची बेरीज करून, त्यात ऑइल-फिल्टर आणि दुरुस्तीसाठी वर्षाचे १२,००० धरून मी दरमहा १,८०० रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. ज्या वर्षी काम निघत नाही, त्या वर्षीचे पैसे क्लचच्या वर्षी उपयोगी पडतात.

मोटारीची बाजारातली किंमत ३०,००० आणि दुरुस्तीचे बिल १५,०००, तेव्हा ते करू नये, असे अनेक जण सांगतात. ही तुलना मला पटत नाही. त्या १५,००० मध्ये पुढची तीन वर्षे सुरक्षित प्रवास मिळणार असेल, तर नव्या मोटारीच्या काही महिन्यांच्या हप्त्यांशी त्याची तुलना करावी. परंतु जॅक लावल्यावर पत्रा आत दबू लागला, किंवा सस्पेन्शन ज्या जागी बसते तेथे भोके पडली, तर पुढे एक रुपयाही घालू नये.

तशी वेळ आल्यास मोटार कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये, कारण आरटीओच्या नोंदीत ती आपल्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात ती द्यावी, तेथून जमा केल्याचे आणि मोडीत काढल्याचे अशी दोन्ही प्रमाणपत्रे घ्यावीत, आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी आणि मगच विमा बंद करावा. नवी बॅटरी आणि चांगले टायर मात्र त्याआधी काढून तसलीच मोटार चालवणाऱ्या कोणाला तरी द्यावेत, आणि सोबत आपली वहीही द्यावी.