वर्गाची पट्टी आणि आपली पट्टी: संगीताच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी

मुंबईत विद्यापीठाच्या संगीत विभागात गायनाला प्रवेश घेतला असेल तर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचारून घ्या. आपली पट्टी (म्हणजे आपला सा ज्या सुरावर लागतो तो) नक्की कोणती, आणि वर्ग कोणत्या पट्टीत चालतो? फी, राहायची सोय, लोकलचा पास यांची चौकशी सगळेच करतात. पट्टीची कुणी करत नाही, आणि दिवाळीपर्यंत घसा धरून बसायची वेळ येते.

गुरुजींसमोर एकट्याने बसून शिकलेल्या मुलाला सामूहिक वर्गाची कल्पना नसते. गुरुजी तानपुरा आपल्या गळ्याप्रमाणे लावून देतात. माझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा माझा सा. वर्गात मुली जास्त, शिकवायला मॅडम, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी चारवर. यात दोष कुणाचाच नाही. एवढ्या जणांना एकत्र शिकवायचं तर एक पट्टी धरावीच लागते. पण हिशेब नीट समजून घ्या. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. म्हणजे वर्ग जिथे सा लावतो, तो माझ्या गळ्याचा पंचम. वर्गाचा तार षड्ज (वरचा सा) म्हणजे माझा तार सप्तकातला पंचम. यमन रागातल्या बंदिशीचा अंतरा (वर जाणारा दुसरा भाग) उठला की सगळे तार षड्जावर जाऊन ठेहराव घेणार, आणि तुम्ही मात्र रोज तासभर अशा जागी, जिथे तुमच्या गुरुजींनी तुम्हाला कधी दोन क्षणसुद्धा थांबू दिलं नसतं. बरं, सुरुवातीला आवाज पोचतोसुद्धा! म्हणून तर धोका कळत नाही. मान ताठ होते, हनुवटी वर जाते, आवाज घशातून ढकलला जातो, आणि आपल्याला वाटतं की वरचं सप्तक खुलायला लागलं. मग एके दिवशी सकाळी खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) लावायला बसावं तर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम नुसती हवा. माझं हेच झालं.

मुलींचीही यातून सुटका नाही. शिकवणारे सर आपल्या काळी एकमध्ये वर्ग घेत असतील तर काळी चारच्या मुलीचा मंद्र पार बुडतो, आणि ऐकू जावं म्हणून ती आवाज दाबून जाड करते. तेही तितकंच वाईट.

यावर उपाय आहेत, घाबरू नका. वर्गात पूर्ण आवाजात गायलंच पाहिजे असा नियम कुठेही नाही. जिथपर्यंत सहज जाता येतं तिथपर्यंत गा, अंतऱ्याला खालच्या सप्तकात या, अगदी जमत नसेल तर हातावर ताल धरून ऐका. मॅडमना आधी सांगून ठेवा, कारण गप्प बसलेल्या मुलाबद्दल गैरसमज लवकर होतो. मी सांगितलं तेव्हा मॅडमनी लगेच मान्य केलं, वर बंदिशीचं ध्वनिमुद्रणही करू दिलं. घरी आल्यावर तीच बंदिश आपल्या पट्टीत, सुरुवातीला नुसती सरगम, मग शब्द, अशी बसवायची. हे दुप्पट काम आहे. ते टाळता येत नाही.

आवाज बसलाच तर गाणं बंद. पूर्ण बंद. कुजबुजत बोलणंही नको, त्यानेही घशावर ताण येतो. ज्येष्ठमध आणि मधाने बरं वाटतं, पण ताणलेल्या स्वरतंतूंवर तो इलाज नव्हे. दोन-तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ‘गाऊन गाऊन आवाज मोकळा होतो’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. माझाही आवाज विश्रांतीने परत आला, तुमचाही येईल.

आधीच्या गुरूंबद्दल. ते सोडू नका. विद्यापीठात राग जास्त होतात, गळा गुरूसमोरच तयार होतो असं माझं पक्कं मत आहे. काही गुरूंना विद्यापीठातलं शिक्षण पसंत नसतं, तरी लपवून ठेवू नका, सरळ सांगा. घराणं वेगळं असेल तर आलापीची पद्धत दोन ठिकाणी दोन तऱ्हेची मिळेल. पहिल्या वर्षी दोन्ही ऐकून घ्या, पण रियाज एकाच पद्धतीचा ठेवा. आणि यूट्यूबवरून बंदिश उचलून ‘तयार आहे’ म्हणणं मला मान्य नाही. तिथे तान मिळते, पण ती कुठून उठते आणि कुठे सोडायची हे मिळत नाही.

लेखी पेपरसाठी एकच सावधगिरी. स्वर लिहायच्या दोन लिपी आहेत. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, आणि मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकर लिपीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि उभी रेघ तार सप्तकाची. समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण भातखंडे लिपीत × तर पलुसकर लिपीत १, आणि ‘खाली’ची (टाळी न देण्याच्या जागेची) खूण भातखंडे लिपीत ० तर पलुसकर लिपीत +. गुरुजींच्या जुन्या वहीतून बंदिश उतरवून घेताना आधी लिपी ओळखा, नाहीतर अंतऱ्यातले तार सप्तकाचे स्वर मंद्रात लिहून बसाल. बाकी दहा थाट, तालांचे ठेके, दुगुण हे सगळं तुम्हाला येतच असतं.

रियाजाला जागा हा मुंबईतला खरा प्रश्न. पेइंग गेस्टच्या खोलीत पहाटे खर्ज लावता येत नाही. विभागातली खोली तासाआधी उघडून मिळते का ते शिपाईकाकांना विचारा, बहुतेकदा मिळते. तिथेच तबल्याच्या मुलांशी ओळख करून घ्या. त्यांना रियाजाला लेहरा (ताल मोजायला सतत वाजणारी एकच धून) लागतो, तुम्हाला ठेका. तुम्ही पेटीवर त्यांना लेहरा धरायचा, त्यांनी तुम्हाला विलंबित एकताल. दोघांचेही साथीचे पैसे वाचतात आणि लय पक्की होते.

प्रात्यक्षिक परीक्षा मात्र आपापल्या पट्टीतच द्यायची असते. साथीला असलेला तबला काळी चारचा असेल तर तो काळी एकला मिळवता येत नाही, वेगळा दायाँ (उजव्या हाताचा तबला) लागतो. आदल्या दिवशीच तबलजींना पट्टी सांगून ठेवा, आणि आपला नंबर कितवा आहे तेही.