समोर बसल्यासारखी व्हिडिओ मीटिंग: प्रॉडक्ट मॅनेजरने आधी काय मोजावं

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपनीत इमर्सिव्ह मीटिंग रूमचं प्रॉडक्ट हाती आलं, तर पहिल्या आठवड्यात रोडमॅपला हात लावू नका. फोन, मेजरिंग टेप आणि काचेची एक केबिन घ्या. माणूस समोर असल्याचा भास रिझोल्यूशनपेक्षा विलंबामुळे, म्हणजे चित्र-आवाज पलीकडे पोचायला लागणाऱ्या वेळामुळे, जास्त मोडतो. चित्र फोर-के असो, दोघं एकदम बोलायला लागून एकदम थांबले की खेळ खलास.

विलंब मोजायला मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लॅपटॉपवर लावून कॅमेऱ्यासमोर ठेवा आणि कॉल शेजारच्याच पडद्यावर घ्या. माइक बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल. दोन्ही पडदे एकत्र येतील असे २०-३० फोटो काढून आकड्यांतल्या फरकाची सरासरी काढा. ६० हर्ट्झचा पडदा १६-१७ मिलिसेकंदांनीच बदलतो, त्यामुळे एका फोटोचा भरवसा नाही.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.११४ शिफारशीनुसार एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बोलणं सहसा अडखळत नाही. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३६ मिलिसेकंद वाटेतच गेले. शिवाय केबल सरळ रेषेत थोडीच टाकलेली असते! उरलेल्यात कॅमेरा, एन्कोडर (चित्र आकसून पाठवणारा भाग), जिटर बफर (मागेपुढे येणारा डेटा सलग करायला थोडा थांबवणारा साठा) आणि टीव्ही वाटेकरी. प्रत्येकाचा हिस्सा ठरवून त्या त्या टीमच्या नावावर टाका. टीव्हीला गेम मोड असेल तर लावा. चित्र 'सुधारण्याच्या' नादात टीव्ही फ्रेम अडवून ठेवतो. शेजारशेजारच्या केबिनमधला निकाल पास धरू नका. लिनक्सवरच्या नेटेम या नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने ८० मिलिसेकंद विलंब आणि १ टक्का पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) घालून पुन्हा मोजा.

नजरेचं गणित टेपने सुटतं. पडद्यावरच्या डोळ्यांपेक्षा कॅमेरा ३० सेंटिमीटर वर आणि खुर्ची दीड मीटरवर असेल, तर कोन ११ अंशांचा होतो. पलीकडच्याला वाटतं, हा माझ्या छातीकडे बघून बोलतोय. खुर्ची अडीच मीटरवर नेली की कोन ७ अंशांखाली येतो. छोट्या केबिनमध्ये तेवढी जागा नसते, तेव्हा कॅमेराच खाली आणायला हवा.

चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर दिवे बदलायची घाई नको. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा अनेकदा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर राहिलेला असतो, तो ५० वर आणा. आवाजासाठी टाळी वाजवून पाहा. घुमली तर काचेसमोर जाड पडदा आणि खाली कार्पेट लागेल. सॉफ्टवेअर इको (स्पीकरमधून माइकमध्ये परत जाणारा आवाज) काढतं, पण खोलीचा घुमारा पुरता काढत नाही.

'लो लेटन्सी' (कमी विलंब) असं स्पेकमध्ये लिहू नका, त्यावर टेस्टरला पास-नापास ठरवता येत नाही. 'नेटेमच्या वर दिलेल्या सेटिंगवर ३० फोटोंपैकी २७ मध्ये फरक १५० मिलिसेकंदांच्या आत' असं लिहा. पावसाळ्याआधी मेन स्विच १० वेळा बंद-चालू करा, आणि आयटीवाल्याला न बोलावता खोली किती मिनिटांत कॉल घेते, ते प्रत्येक वेळी नोंदवा.