केनियन कॉफी निवडताना, गाळताना आणि चाखताना

केनियन कॉफीच्या पाकिटावर ‘एए’ ही दोन अक्षरे ठळक छापलेली असतात आणि अनेक ग्राहक ती उत्तम चवीची हमी समजूनच पाकीट उचलतात. वास्तविक ही अक्षरे केवळ दाण्याचा आकार सांगतात. साधारण ७ मिलिमीटरच्या चाळणीवर जो दाणा अडतो तो एए, त्याहून लहान तो एबी, आणि फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली असेल तर ती पीबी, म्हणजे पीबेरी. सारख्या आकाराचे दाणे सारखे भाजले जातात हा या प्रतवारीचा खरा फायदा आहे; चवीशी तिचा संबंध त्यामानाने दूरचा. मी स्वतः या अक्षरांना भुलून घेतलेले पहिले पाकीट जुन्या पिकाचे निघाले आणि कपात कागद भिजवल्यासारखी चव उतरली. म्हणून अक्षरांवरून नजर हटवून पाकिटावरील बारीक मजकूर वाचण्याची सवय लावावी.

त्या मजकुरात सर्वप्रथम काउंटीचे, म्हणजे केनियातील जिल्ह्यासारख्या विभागाचे, आणि ‘फॅक्टरी’चे नाव शोधावे. न्येरी, किरिन्यागा, मुरांगा, किआंबू आणि एंबू ही माउंट केनिया व अ‍ॅबरडेअर पर्वतरांगेच्या परिसरातील नावे महत्त्वाची आहेत. तेथील लाल ज्वालामुखीय मातीत, साधारण १,५०० ते १,९०० मीटर उंचीवर, फळ थंड हवेत सावकाश पिकते आणि दाणा घट्ट भरतो. फॅक्टरी या शब्दाने मात्र गोंधळू नये. केनियात फॅक्टरी म्हणजे धुराडी असलेला कारखाना नव्हे, तर आसपासचे छोटे शेतकरी ताजी फळे आणून देतात ते सहकारी संस्थेचे धुण्याचे केंद्र. एकेका शेतकऱ्याकडे बहुधा काहीशेच झाडे असल्याने ‘सिंगल ओरिजिन’ म्हणजे ‘एकाच ठिकाणची’ या शब्दाचा अर्थ येथे एक शेत असा क्वचितच होतो; तो शेकडो कुटुंबांच्या फळांचा, पण एकाच केंद्रात एकाच पद्धतीने धुतलेला माल असतो. ज्या पाकिटावर फक्त ‘केनिया’ लिहिले आहे, ते माझ्या मते अर्धीच माहिती देते.

त्यानंतर वाण पाहावा. कॉफीची जन्मभूमी असलेला इथिओपिया केनियाला लागून आहे, तरीही केनियात कॉफी आली ती लांबच्या वळशाने: १८९३ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरील बोर्बाँ जातीची रोपे ताइता टेकड्यांमधील बुरा येथे लावली. पुढे वसाहतकाळातील स्कॉट कृषी प्रयोगशाळेने १९३० च्या दशकात निवड करून जे वाण दिले, त्यांच्या नावापुढील ‘एसएल’ ही त्या प्रयोगशाळेचीच आद्याक्षरे आहेत. एसएल २८ हा वाण टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीत, आढळलेल्या, दुष्काळात तग धरणाऱ्या झाडांपासून निवडला गेला आणि केनियन कॉफीच्या ख्यातीचा मोठा वाटा त्याचा व एसएल ३४ चा आहे. मात्र हे दोन्ही वाण फळ काळे पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाला सहज बळी पडतात. त्यामुळे १९८५ मध्ये रुइरू ११ आणि २०१० मध्ये बाटियान हे रोगप्रतिकारक वाण आले. त्यांना कमअस्सल मानण्याची प्रथा आहे, पण शेतकऱ्याच्या फवारणीचा खर्च पाहता ती मला अन्यायाची वाटते.

चवीचा स्वच्छपणा येतो तो धुण्यातून. फळे केंद्रात आली की कच्ची आणि किडकी हाताने वेगळी काढतात, त्याच दिवशी साल उतरवतात आणि चिकट गर सुटावा म्हणून दाणे टाकीत आंबवतात. मग ते वाहत्या पाण्याच्या पाटातून नेतात. तेथे हलका दाणा पुढे वाहून जातो आणि जड दाणा तळाशी बसतो. अनेक केंद्रांत यानंतर दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात काही तास, कधी पूर्ण दिवसभर, भिजत ठेवतात आणि शेवटी उंच जाळीदार मांडवांवर वाळवतात. दुपारच्या कडक उन्हात त्यांवर आच्छादन घालतात, कारण घाईने वाळलेला दाणा तडकतो.

खरेदी करताना भाजणीची तारीख आणि पिकाचा हंगाम दोन्ही तपासावेत. मुख्य पीक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरते. लहान हंगाम वर्षाच्या मध्याकडे येतो. भाजणी हलकी ते मध्यम असावी. काळपट, तेलकट दाण्यांत केनिया उरतच नाही, फक्त भाजणी उरते.

गाळण्यासाठी कागदी फिल्टरचा ड्रिपर, म्हणजे कपावर ठेवायचे शंकूसारखे गाळणे, सर्वांत योग्य. १५ ग्रॅम कॉफी जाड मिठाइतकी दळावी आणि २५० ग्रॅम पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. कागद आधी गरम पाण्याने धुऊन ते पाणी टाकून द्यावे. प्रथम ४५ ग्रॅम पाणी ओतून चाळीस सेकंद थांबावे. ताजी कॉफी या वेळी फुगून वर येते आणि तिच्यावर बुडबुडे फुटतात. उरलेले पाणी दोन-तीन धारांत, मध्यापासून गोलाकार ओतावे. एकंदर तीन मिनिटांच्या आसपास गाळणी संपावी.

पहिला घोट घाईने घेऊ नये, कारण फार गरम कपात ही कॉफी नुसतीच तीव्र लागते. कप कोमट होऊ लागला की ब्लॅककरंट या काळ्या बेरीचा गडद, आंबटगोड स्वाद, ग्रेपफ्रूटच्या सालीसारखी किंचित कडसर धार आणि कधीकधी पिकलेल्या टोमॅटोचा रस आठवावा असा खारटगोड भाव उघडतो. टोमॅटोची ही छटा पहिल्यांदा जाणवली की दोष वाटतो. तो दोष नव्हे. मात्र आम्लता आणि आंबटपणा यांतील फरक ओळखावा. आम्लता तोंडाला पाणी आणते आणि तिच्यामागोमाग गोडवा येतो. जिभेला टोचून लगेच विरणारा पोकळ आंबटपणा म्हणजे अर्क अपुरा उतरला आहे, तेव्हा पुढच्या वेळी दळण थोडे बारीक करावे. उलट घसा कोरडा पडला आणि कडवटपणा रेंगाळला तर दळण जाड करावे. बदल एका वेळी एकच आणि अगदी थोडा करावा, नाहीतर नेमके कशाने काय झाले हे कळत नाही.