‘सीपीआर नको’ हे कॅज्युअल्टीत ऐकू जावं म्हणून

स्ट्रेचर कॅज्युअल्टीत आलं आणि नाडी लागत नसली, की डॉक्टर विचारत बसत नाहीत. छाती दाबायला सुरुवात करतात. ते बरोबरच आहे, कारण रक्तपुरवठा थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून ज्याला हे नको आहे त्याचा नकार आधीच ठरलेला, लिहिलेला आणि डॉक्टरच्या हातात ठेवता येईल असा असावा लागतो. मागून कुणी रडत “त्यांना हे नको होतं हो” म्हणालं, तर तेवढ्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर हात थांबवणार नाही.

आधी नेमकं काय नाकारतोय ते समजून घ्या. सीपीआर म्हणजे छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब. तीस दाबांनंतर दोन श्वास. श्वासनळीत ट्यूब पडली की दाब न थांबता चालू. दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन, गरज असेल तर विजेचा शॉक. नीट केलेल्या सीपीआरमध्ये म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडणं नेहमीचं आहे. परदेशातल्या मोठ्या नोंदी पाहिल्या तर रुग्णालयातच हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चार-पाचांमागे एक जण जिवंत घरी जातो. शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर किंवा निकामी होत आलेले अवयव असतील तर ही शक्यता फारच घटते. अचानक हार्ट अटॅक आलेल्या पन्नाशीच्या माणसाला हाच सीपीआर पुरता परत आणू शकतो. उपचार तोच, माणूस वेगळा. म्हणून निर्णय वयावर नाही, आजारावर घ्यायचा.

दोन कागद, दोन कामं

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बरेच जण लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपण बोलू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करून कपाटात ठेवतात आणि काम झालं असं समजतात.

लिव्हिंग विलला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालात मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली. आता १८ वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने स्वेच्छेने लिहायचं, दोन साक्षीदार घ्यायचे (शक्यतो घरातले नकोत) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकारी लागत. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कोण सांगणार त्या व्यक्तीचं नाव त्यात हवंच. एकापेक्षा जास्त नावं चालतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. गोव्यात ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून तिथे सुरुवात करून दिली. मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही. मालमत्तेचा मजकूर यात घुसडू नका.

पण हे विल अमलात आणायचं तर दोन वैद्यकीय मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मध्यरात्री कॅज्युअल्टीत हृदय थांबलं तर या प्रक्रियेचा काय उपयोग?

त्या क्षणासाठी दुसरा कागद आहे: डीएनएआर, म्हणजे हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये असा, उपचार करणाऱ्या डॉक्टरने केस पेपरवर लिहिलेला आदेश. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आणि नमुना फॉर्म दिला. वाढत जाणारा, बरा न होणारा आजार आणि सीपीआरने फक्त त्रास लांबणार अशी स्थिती असेल तेव्हा रुग्णाशी, तो बोलू शकत नसेल तर जवळच्यांशी चर्चा करून डॉक्टर तो लिहितो. रुग्ण शुद्धीवर आहे आणि समजून-उमजून “मला नको” म्हणतो, तर तो त्याचा हक्कच आहे. त्यासाठी मंडळ लागत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र काही रुग्णालयं डीएनएआरलाही मंडळाचा आग्रह धरतात. आपण नेहमी जातो त्या रुग्णालयाचं धोरण काय, हे ओपीडीच्या एखाद्या शांत दिवशी विचारून ठेवा.

घरातली बोलणी

प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर चुकीचं येतं. “सगळं करायचं ना?” याला ‘नाही’ म्हणणारा मुलगा महाराष्ट्रात सापडायचा नाही. “तुमचं काय म्हणणं?” असं विचारणंही बरं नाही, आईच्या मरणाचं ओझं त्यात लेकीच्या डोक्यावर येतं. विचारायचं असं: “आईंना आत्ता बोलता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?” आणि त्या बोलू शकत असतील तर थेट त्यांनाच, जेवणखाण झाल्यावर, टीव्ही बंद करून.

बाहेरगावच्या भावंडांना त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर घ्या. बारा वर्षं न आलेला मुलगा विमानतळावरून थेट आयसीयूत येतो आणि “व्हेंटिलेटर का नाही लावला?” म्हणून आवाज चढवतो, हे प्रत्येक आयसीयूवाल्याने पाहिलेलं असतं. अशा निर्णयात कोणाचा शब्द आधी, हे ठरवणारी नातेवाइकांची क्रमवारी आपल्याकडे स्वतंत्र कायद्याने दिलेली नाही. म्हणूनच विलमधलं ते एक नाव महत्त्वाचं.

एक पान, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये

लिव्हिंग विल चार पानांचं असू शकतं. कॅज्युअल्टीतला ज्युनिअर डॉक्टर वीस सेकंदांत वाचू शकेल असं एक पान वेगळं करा. मजकूर साधारण असा:

“नाव, वय. आजार: सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), शेवटचा टप्पा. हृदय किंवा श्वास थांबल्यास छाती दाबणे, शॉक, श्वासनळीत ट्यूब आणि व्हेंटिलेटर नको. ऑक्सिजन, मास्कचं मशीन, नेब्युलायझर, अँटिबायोटिक, वेदना आणि धाप कमी करणारी औषधं हवीत. घास अडकणे, औषधाची ॲलर्जी, अपघात यांवर नेहमीसारखे उपचार करावेत. माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती: नाव, फोन. ती न मिळाल्यास: नाव, फोन.”

खाली रुग्णाची सही, उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही, त्यांचा नोंदणी क्रमांक, तारीख. ‘हवीत’ची ओळ अजिबात गाळू नका. ती नसली की ‘सीपीआर नको’चा अर्थ थकलेली नाइट ड्यूटी ‘काहीच नको’ असा घेते, आणि मग न्यूमोनियाचं साधं इंजेक्शनही उशिरा मिळतं. घास अडकण्याची ओळ तितकीच गरजेची. तो आजार नाही, अपघात आहे.

आजाराचा टप्पा बदलला किंवा माणसाने मन बदललं की नवं पान करा आणि जुनं फाडून टाका. फोल्डर औषधांच्या डब्याजवळ ठेवा, फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर असू द्या. मूळ लिव्हिंग विल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा हुशारपणा नको. रविवारी लॉकर उघडत नाही.

कॅज्युअल्टीत

स्ट्रेचरबरोबर एकानेच आत जावं आणि पहिलं वाक्य हे बोलावं: “शेवटच्या टप्प्यातला आजार आहे, सीपीआर आणि ट्यूब नको असं ठरलंय, हा डॉक्टरांच्या सहीचा कागद.” रडारड, इतिहास, नातीगोती नंतर. ड्यूटीवरच्या डॉक्टरला खात्री पटली नाही आणि त्याने सीपीआर सुरू केला तर भांडू नका. शंका असताना सुरू करणं हा त्याचा नियम आहे. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावून तो त्याच्या कानाला द्या.

माणूस स्थिरावून भरती झाला की जुन्या कागदावर विसंबू नका. या भरतीच्या फाइलमध्ये नवा आदेश लिहून घ्या: तारीख, वेळ, कारण, कोणाशी बोलणं झालं, काय नको, काय चालू राहील, डॉक्टरचं नाव. तोंडी सांगितलेलं रात्री आठच्या ड्यूटी बदलात विरून जातं. वॉर्ड बदलला, आयसीयूतून बाहेर आणलं, की सिस्टरना पुन्हा सांगा. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाशी वेगळं बोलावं लागतं, कारण भूल देताना ट्यूब आणि व्हेंटिलेटर हा त्या कामाचाच भाग असतो.

छातीत शॉक देणारं आयसीडी यंत्र बसवलेलं असेल तर आवर्जून सांगा. फाइलमध्ये काहीही लिहा, यंत्राला ते वाचता येत नाही. शेवटच्या तासांतही ते शॉक देत राहतं. हृदयरोगतज्ज्ञाकडून त्याचं शॉकचं काम बंद करून घ्यावं लागतं.

जिथे हमखास घसरतं

‘हाय रिस्क कन्सेंट’वर सही म्हणजे नकार नव्हे. त्याचा अर्थ उलट आहे: धोका कळला, उपचार करा.

डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, हा आपल्याकडचा सगळ्यात वाईट तोडगा. व्हेंटिलेटर नको म्हटलं की काही ठिकाणी हाच कागद पुढे सरकवला जातो. मग ऑक्सिजन काढून, औषधं तोडून माणूस लिफ्टमध्ये धापा टाकतो. त्याऐवजी स्पष्ट मागा: “इथेच ठेवा, डीएनएआर लिहा, त्रास कमी करणारे उपचार चालू ठेवा.” धाप कमी करायला मॉर्फिन कमी मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली देता येतं, त्याचं नाव ऐकून दचकू नका.

“ट्यूब टाकून तर बघू, नाही जमलं तर काढू” हेही पटकन बोललं जातं. टाकायला पाच मिनिटं लागतात. काढायला वर सांगितलेली दोन मंडळं.

आणि दिखाऊ सीपीआर: नातेवाइकांच्या समाधानासाठी दोन-चार मिनिटं हलक्या हाताने छाती दाबणं. त्यात कुणाचंच भलं नाही. करायचा तर पूर्ण, नाही तर नाही.

घरीच जायचं ठरलं असेल तर

ऐनवेळी घाबरून कुणीतरी १०८ लावतं, आणि ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर त्यांचं काम सुरू करतात. म्हणून फोनजवळ आधी फॅमिली डॉक्टरचा आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार देणाऱ्या, सिस्टरचा नंबर लावा, १०८ चा त्याखाली. घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये मिळतो, आणि तो आजारपणात उपचार केलेला डॉक्टरच देऊ शकतो. शेवटच्या आठवड्यांत त्यांची एखादी घरभेट आणि तिची तारखेसह नोंद असू द्या. ती नसली तर डॉक्टर दाखला द्यायला कचरतात, आणि प्रकरण पोलीस चौकी नि पोस्टमॉर्टेमपर्यंत जाऊ शकतं.