पुनर्वापराच्या वेब कंपोनंटमध्ये कीबोर्ड फोकस कसा सांभाळावा

पुनर्वापरासाठी लिहिलेल्या वेब कंपोनंटमध्ये (स्वतःचा एचटीएमएल टॅग असलेल्या घटकात) फोकसची, म्हणजे दाबलेली कळ कोणत्या एलिमेंटला लागू होईल त्या जागेची, एक चूक राहिली, तर तो जिथे जिथे वापरला जाईल तिथे ती पोहोचते. आणि शॅडो डॉममुळे (कंपोनंटची आतली रचना पानापासून वेगळी ठेवण्याच्या सोयीमुळे) आतल्या रचनेपर्यंत बाहेरचे सीएसएस सहसा पोहोचत नसल्याने वापरणाऱ्याला ती दुरुस्त करणेही अवघड जाते. म्हणून फोकसची जबाबदारी कंपोनंट लिहिणाऱ्यानेच घ्यावी.

शक्य असेल तिथे आत खरे बटन एलिमेंट ठेवावे. टॅबने तिथे पोहोचणे, एंटर व स्पेसला प्रतिसाद देणे, डिसेबल्ड असताना वगळले जाणे, हे सारे मग ब्राउझर पाहतो. डिव्हला (साध्या चौकटीला) टॅबइंडेक्स (० असेल तर टॅब तिथे थांबतो, उणे १ असेल तर टॅब वगळतो पण कोडने फोकस देता येतो) देऊन तेच उभे करताना काहीतरी हमखास सुटते. शॅडो रूट (शॅडो डॉमचे मूळ) जोडताना डेलिगेट्सफोकस हा पर्याय ट्रू ठेवल्यास होस्टवर (शॅडो रूट ज्याला जोडले त्या बाहेरच्या एलिमेंटवर) फोकस मेथड बोलावताच आतील फोकस घेऊ शकणाऱ्या पहिल्या एलिमेंटकडे फोकस जातो. हा पर्याय न वापरता होस्टलाही टॅबइंडेक्स ० दिला, तर एकाच कंपोनंटवर टॅब दोनदा थांबतो.

आउटलाइन, म्हणजे फोकस दाखवणारी कडा, काढून टाकण्याची मागणी झाली, तरी ती मान्य करू नये. त्याऐवजी फोकस-व्हिजिबल हा सीएसएसचा सिलेक्टर वापरावा, म्हणजे माउसने बटन दाबणाऱ्याला सहसा कडा दिसत नाही आणि कीबोर्ड वापरणाऱ्याला ती दिसते. कडा किमान २ पिक्सेल जाड आणि आजूबाजूच्या रंगांशी ३:१ कॉन्ट्रास्ट राखणारी असावी. ती बॉक्स-शॅडोने न काढता आउटलाइननेच काढावी, कारण विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये बॉक्स-शॅडो नाहीशी होते. रंग कस्टम प्रॉपर्टीतून (सीएसएसच्या व्हेरिएबलमधून) बदलू द्यावा, पण डिफॉल्ट रंग दिल्याशिवाय कंपोनंट प्रसिद्ध करू नये.

टॅबपट्टी किंवा टूलबार यांसारख्या गटात प्रत्येक बटनावर टॅबने थांबायला लावणे वापरकर्त्याला थकवणारे आहे. तिथे चालू बटनाला टॅबइंडेक्स ० आणि बाकीच्यांना उणे १ द्यावा. बाणाची कळ दाबली, की हे आकडे बदलून नव्या बटनाला फोकस द्यावा. ० असलेले बटनच डिसेबल किंवा नाहीसे झाले, तर तो ० ताबडतोब दुसऱ्याकडे सोपवावा, नाहीतर टॅबने त्या गटात शिरताच येत नाही.

सर्वांत जास्त त्रास मात्र फोकस हरवल्याने होतो. यादीतील फोकस असलेली नोंद काढून टाकली, की सक्रिय एलिमेंट म्हणून बॉडी (पानाचा मुख्य भागच) उरते आणि स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत हे कळेनासे होते. म्हणून नोंद काढण्यापूर्वीच शेजारच्या नोंदीला किंवा यादीच्या शीर्षकाला फोकस द्यावा. शीर्षकाला त्यासाठी टॅबइंडेक्स उणे १ लागतो. मोडल डायलॉगसाठी (उघडा असताना बाकीचे पान वापरू न देणाऱ्या खिडकीसाठी) मूळ डायलॉग एलिमेंट शो-मोडल मेथडने उघडावे. ते बंद झाल्यावर फोकस आधीच्या जागी परततो, पण दरम्यान ते उघडणारे बटनच गेले असेल, तर पुढची जागा आपणच ठरवावी लागते.

चाचणी लिहिताना डॉक्युमेंटचे ॲक्टिव्हएलिमेंट (फोकस कुठे आहे हे सांगणारी प्रॉपर्टी) शॅडो डॉमच्या आतील एलिमेंट न सांगता फक्त होस्ट सांगते, हे लक्षात ठेवावे. खरी जागा शॅडो रूटच्या ॲक्टिव्हएलिमेंटमधून वाचावी आणि घटक एकात एक असतील, तर तळापर्यंत उतरावे.